बोगद्यावरून जाणारी वाट

प्रिय ताई,

तुला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी सकाळी भावोजींनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. इंग्लंडमधल्या त्या लांबुळक्या बोटीचा. बोटीच्या मागच्या टोकाला तू उभी आहेस, तुझ्या खांद्यावर त्यांचा हात, पुढे नऊ वर्षांची इरा, आणि बाजूला मी. सगळेच हसतोय. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘आमच्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस.’ बघता बघता जोडलेल्या हातांची आणि लाल बदामांची रांग लागली. नाशिकच्या मामींनी लिहिलं, ‘कित्ती गोड जोडी होती!’

मी काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार होते? तो फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं तू मला काय सांगत होतीस, ते त्या ग्रुपवर फक्त मला माहीत होतं.

त्या दिवसापासून तुला लिहायचं होतं. पण आई घरात असली की तुझ्याशी मोकळं बोलता येत नाही. अजूनही नाही, बघ! आज ती शेजारच्या काकूंबरोबर डोळे तपासायला गेलीय. दार लावून बसलेय, आणि मधे इतकं काही घडलंय की ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

ताई, आधी मला तू आठवतेस ती स्कूटरवरची. पनवेलहून द्रोणागिरीला कंटेनर यार्डातल्या नोकरीवर जाणारी, तोंडाला ओढणी गुंडाळून, मोठमोठ्या ट्रेलरांच्या मधून वाट काढत जाणारी. त्या ऑफिसात तू एकटीच मुलगी. एकदा मी तुझ्याबरोबर आले होते, तेव्हा एक ट्रेलरवाला तुझ्याशी वाद घालून दमला आणि मला म्हणाला, “तुमची ताय काय ऐकनार नाय!” आणि तू कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, “नायच ऐकणार!” मला तेव्हा वाटलं होतं, मोठं झालं की असं व्हायचं.

मग तुझं लग्न झालं, तू बर्मिंगहॅमला गेलीस, आणि दहा वर्षांनी मी आणि आई तुझ्याकडे आलो तेव्हा तुला गाडी चालवता येत नव्हती. परवानाच काढला नव्हतास! मी विचारलं तर तू हसून म्हणालीस, “ह्यांचं म्हणणं असतं, कशाला? मी आहे ना.”

‘मी आहे ना.’ किती चांगलं वाक्य आहे! आईला तर ते ऐकून भरून यायचं. भाजी आणायची? मी आहे ना. बँकेत जायचंय? मी आहे ना. इराच्या शाळेत पालकांची सभा? तू कशाला दगदग करतेस, मी आहे ना. आई मला कानात म्हणायची, “बघ, असा नवरा मिळायला नशीब लागतं.”

बोटीची कल्पनाही त्यांचीच. शहराच्या पोटातून जाणारे जुने कालवे आहेत, बोट भाड्याने मिळते, त्यातच राहायचं, त्यातच जेवायचं. चार दिवसांची सहल. बोट बघून आई म्हणाली, “अगं, ही बोट आहे की चाळीतला बोळ?” खरंच! लांबीला एवढी मोठी आणि रुंदीला दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकणार नाहीत एवढीच. कोणाला मोरीत जायचं असलं की बाकीच्यांनी पाय वर घेऊन बसायचं. तू त्या टिचभर ओट्यावर पोहे केलेस आणि कढीपत्त्याचा वास रात्रीपर्यंत आपल्या उशांना येत राहिला.

बाहेर केवढी शांतता! दोन्ही बाजूंना बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागच्या भिंती, त्यावर रंगवलेली वेडीवाकडी अक्षरं, पाण्यात झुकलेली झाडं, मधूनच एखादं बदकांचं कुटुंब. शहराचा आवाज कुठेतरी वरून, लांबून यायचा. मला वाटलं होतं, इथे तू आणि मी पोटभर बोलू.

पण बोलायचं कुठे? पुढे बसलं तर आई. आत बसलं तर इरा. मागे सुकाणूपाशी ते. आणि बोटीत कुठेही कुजबुजलं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, “अहो, मी थोडा वेळ धरू का सुकाणू?” मी तिथेच होते. ते रागावले नाहीत. कधीच रागवायचे नाहीत ना! हसले, तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “तू हवा खा गं. मी आहे ना.” इराला मात्र त्यांनी मांडीवर घेऊन दांडा धरू दिला.

फक्त लॉक आलं की तू सुटायचीस. पाण्याचे जिनेच ते. दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची, पाणी सोडायचं, आणि बोट हळूहळू खाली जायची. दारं उघडायला कुणीतरी काठावर उतरावंच लागायचं, आणि सुकाणू सोडायचं नाही म्हणून त्यांना ते काम तुला द्यावं लागायचं. तू लोखंडी हँडल घेऊन टुणकन उडी मारायचीस! ते जाडजूड लाकडी दार पाठ लावून ढकलायचीस, गाल लाल व्हायचे, केस सुटायचे. आम्ही मात्र खाली खाली जायचो. खिडक्यांबाहेर शेवाळलेल्या, ठिबकणाऱ्या विटा चढत जायच्या, आत अंधार व्हायचा, आणि आई रामरक्षा पुटपुटायला लागायची. मी मान वर करून बघायचे तर तू आभाळाला टेकून उभी असायचीस. त्या सहलीतलं माझ्या लक्षात राहिलेलं सुंदर काय असेल, तर तेवढंच.

तिसऱ्या दिवशी एका लॉकपाशी तू बोटीत परत चढलीच नाहीस. म्हणालीस, “मी आणि सोनू जरा चालत येतो.” काठाकाठाने वाट होतीच. भावोजी म्हणाले, “या की चालत.” मला वाटलं, झालं, सुटलो!

कसलं काय! ती बोट माणसाच्या चालीनेच जाते. आपण भरभर चाललो की तेही इंजिन वाढवायचे, रेंगाळलो की हळू करायचे. बरोब्बर आपल्या शेजारी, हाताच्या अंतरावर, हसतमुखाने. “दमलात का? चहा हवाय का? सोनू, तिकडे बघ, बगळा!” तू एक वाक्य सुरू करायचीस आणि मधेच सोडून द्यायचीस. “सोनू, मला ना...” आणि मग, “तुझ्या कॉलेजचं काय म्हणतेस?” ताई, मोकळ्या काठावर, एवढ्या मोठ्या आभाळाखाली, मला गुदमरल्यासारखं झालं. मला तीन दिवसांत झालं ते! तुझं काय होत असेल?

आणि मग बोगदा आला. कालवा सरळ टेकडीच्या पोटात शिरत होता, आणि काठावरची वाट तिथे संपत होती. चालणाऱ्यांनी टेकडी चढून वरून जायचं, पलीकडे उतरायचं. भावोजींनी इंजिन मंद केलं. “चढा आता बोटीत. वर चढ आहे, उगाच दमाल.”

तू एकदम म्हणालीस, “नाही. आम्ही वरून येतो.”

आणि माझा हात धरून चढायलाच लागलीस. मागे वळून बघितलंसुद्धा नाहीस. ते काहीतरी म्हणाले, पण तोवर बोटीचं तोंड बोगद्यात गेलं होतं. आत गेलेली बोट मागे वळवता येत नाही.

वर काहीच नव्हतं. साधी घरं, कुणाचे तरी भाजीचे वाफे, मुलांचा एक रिकामा झोपाळा. गवतात विटांचं एक जाडसर धुराडं होतं, बोगद्यात हवा जावी म्हणून बांधलेलं. त्याच्याजवळून जाताना खालून बोटीची धडधड ऐकू आली आणि तू आवाज खाली केलास. आठवतं? इतक्या खोल जमिनीखालचा माणूस, आणि तू कुजबुजायला लागलीस!

“सोनू, मी वाईट आहे का गं?”

“काय बोलतेस ताई!”

“ते मारत नाहीत. पीत नाहीत. ओरडत नाहीत. सगळं करतात माझं. आणि मला वाटतं, मी हळूहळू पुसली जातेय.” मग तू त्या बसची गोष्ट सांगितलीस. एक दिवस तू एकटी बसने वाचनालयात गेलीस. नुसतं, आपलं आपण. त्यांना कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. एवढंच म्हणत राहिले, “मला सांगितलं असतंस तर मी सोडलं नसतं का?” त्यानंतर तू कुठेच गेली नाहीस. “भांडता तरी येतं का गं अशा माणसाशी?”

मी तुला झोपाळ्यावर बसवलं. तू पायाने हळूहळू झोका घेतलास आणि म्हणालीस, “मला डिसेंबरात पनवेलला यायचंय. इराला घेऊन. आणि परत जायचं नाही.”

“ये,” मी म्हटलं. “आजच निघ म्हटलंस तरी चालेल.”

“आईला इतक्यात सांगू नकोस. मी तिथे आले की सांगेन.”

आपण टेकडी उतरलो तेव्हा ते बोट काठाला लावून उभे होते. “किती वेळ! एवढं काय बोलत होता?” त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मग लगेच मोबाईल आईच्या हातात दिला. “आई, काढा एक फोटो. हसा सगळे!” आणि तू हसलीस. ताई, इतक्या पटकन कशी हसलीस गं? मला तुझा थोडा रागच आला होता त्या हसण्याचा. थोडं तरी रडवेलं तोंड ठेवलं असतंस, तर आज कुणीतरी विचारलं असतं!

डिसेंबरात तू आलीस, त्यांनी काढून दिलेल्या परतीच्या तिकिटासकट. मला तुझा शब्द खरा करताना बघायचं भाग्य मिळालं, थोडे दिवस का होईना. माझी स्कूटर घेऊन विचुंब्याकडे गेलीस आणि रस्ता चुकून आलीस. “अगं, कुठे गेली ती शेतं? सगळे टॉवर उभे!” चुकलीस याचाच तुला केवढा आनंद! द्रोणागिरीच्या जुन्या साहेबांना भेटून आलीस, ते म्हणाले, कधीही ये. इरा खाली सोसायटीत लंगडी शिकली. तू आईला सांगायचं आज-उद्या करत होतीस.

आणि तू सांगायच्या आत भावोजी दारात उभे! न कळवता. आईसाठी शाल, सुक्या मेव्याचा डबा. सोफ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. “माझं काय चुकलं, आई? तिला विचारा. मी सुधारेन.”

आईने तुझ्याकडे बघितलं. “सांग, काय चुकलं त्यांचं?”

तू गप्प.

“मारतात?”

“नाही.”

“पितात? बाहेर काही आहे?”

“नाही.”

“मग?”

ताई, तो ‘मग?’ मला अजून ऐकू येतो. मी मधे पडले. म्हटलं, “आई, तिला श्वास घेता येत नाही तिथे.” आई म्हणाली, “तू गप्प बस. तुला संसाराचं काय कळतं?” मी आणखी बोलणार होते, तर तूच माझ्याकडे बघून मान हलवलीस. मग उठलीस आणि आपल्या हाताने बॅग भरलीस. का गं? आपण दोघी मिळून आईशी, त्यांच्याशी, सगळ्या पनवेलशी भांडलो असतो. पण निघताना तू मला एवढंच म्हणालीस, “आईवर चिडू नकोस. तिला दिसतंय तेच ती बोलतेय.”

त्यानंतरची वर्षं काय सांगायची? तू फोनवर असायचीस, पण तो कायम स्पीकरवर. दुखणं आलं तेव्हाही. तुझी औषधं, तुझं खाणंपिणं, तुझे केस विंचरणं, सगळं त्यांनी केलं, हे मी नाकारत नाही. रात्र रात्र जागले. ते वाईट माणूस आहेत का? मला अजून नीट सांगता येत नाही. पण शेवटच्या त्या महिन्यांत मी कितीदा म्हटलं, “भावोजी, मला जरा ताईशी एकटीशी बोलू द्या,” आणि ते दरवेळी म्हणाले, “ती दमते गं. तू मला सांग, मी सांगतो तिला.” आमचा व्हिसा आला तेव्हा तू गेली होतीस. तुझं शेवटचं दर्शन आम्ही टीव्हीला लॅपटॉप जोडून घेतलं. आई पडद्याला हात लावून बसली होती.

आता त्या फोटोच्या दिवसाचं ऐक.

दुपारी इराचा फोन आला. अठरा पूर्ण झाली ती! आवाज अगदी तुझा. म्हणाली, “मावशी, तो बोटीचा फोटो बघितलास? त्या दिवशी काय झालं ते तुला माहितीये?”

मी म्हटलं, “तुला काय माहितीये?”

ती एकदम रडायलाच लागली. “बोगद्यात खूप डार्क होतं. मी घाबरले होते. बाबा सारखे विचारत होते, आई काय बोलत असेल मावशीशी? आपल्याला सोडून जाणार नाही ना? आणि मी... मी सांगितलं त्यांना. आई मला म्हणाली होती, आपण आजीकडे राहायला जाऊ. मी सांगून टाकलं, मावशी! म्हणून ते पनवेलला आले. माझ्यामुळे आईला परत जावं लागलं.”

नऊ वर्षं, ताई! नऊ वर्षं ते पोरगं हे एकटं पोटात घेऊन बसलं होतं. मी तिला म्हटलं, “बाळा, अंधारात घाबरलेल्या मुलीला मोठ्या माणसाने असलं काही विचारायचंच नसतं. तुझ्यामुळे काही झालं नाही. तुझी आई इथेच राहू शकली असती, आम्ही मोठ्यांनी धरून ठेवलं असतं तर.”

मग खरं कारण बाहेर आलं. तिला लांबच्या, पार स्कॉटलंडमधल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. भावोजी म्हणतात, इथलंच कॉलेज घे, मी रोज सोडेन, रोज आणेन. “मी गेले तर ते एकटे पडतील. मावशी, मी वाईट आहे का?”

तुझंच वाक्य, शब्द न् शब्द! ती तर तेव्हा टेकडीवर नव्हतीही.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. टेकडी, झोपाळा, बस, बोगद्यातली इरा, सगळं. तिने एकदाही मधे अडवलं नाही. शेवटी विचारलं, “मी एवढं विचारलं तेव्हा ती का नाही बोलली?”

“तुझ्या ‘मग?’ला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आई.”

आई उठून आत गेली. मेथी तशीच राहिली. मला वाटलं, झालं, आता ही आजारी पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, चांगली साडी नेसून ती माझ्यासमोर येऊन बसली. “लाव व्हिडिओ. नितीनरावांना.”

भावोजींचा चेहरा दिसला. थकलेत गं ते फार. आईने तब्येत विचारली, आणि मग सरळ म्हणाली, “इराला हवं त्या कॉलेजात जाऊ द्या.”

“आई, एवढ्या लांब, त्या थंडीत एकटी पोर... तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना.”

आई म्हणाली, “तुम्ही आहात, म्हणूनच काळजी आहे.”

ताई, मी मोबाईल आईच्या आणखी जवळ धरला. आई थांबली नाही. “माझी लेक मी माझ्या हाताने परत पाठवली. तुम्ही रडलात ते मला दिसलं, ती रडली नाही म्हणून तिचं दिसलं नाही. आता नातीचं मला न रडता दिसतंय. तुम्ही तिला अडवलंत तर मी तिकडे येऊन तिच्याजवळ राहीन. माझे गुडघे साथ देत नाहीत, पण येईन.”

त्यांनी विचारलं, “मी तुमच्या मुलीचं काही कमी केलं का, आई?”

“नाही,” आई म्हणाली. “फार केलंत. तिला करायला काही ठेवलं नाहीत.”

फोन बंद झाला. त्यांनीच केला.

त्यानंतर कितीतरी आठवडे ग्रुपवर सामसूम. मामी मला विचारायच्या, काय झालं गं? आई देवळात जायची थांबली, खाली बायकांच्या गप्पांतही बसेना. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींच्या मधे तू. ती रोज एकच प्रश्न विचारते: “त्या टेकडीवर ती बरी होती का गं?” मी रोज सांगते, झोपाळ्यावर बसली होती. तेवढ्यावर तिचा दिवस जातो. माझाही.

आणि गेल्या आठवड्यात इरा गेली. खरंच गेली! भावोजींनी स्टेशनवर सोडलं. शेवटपर्यंत म्हणत होते, मी येतो तिथपर्यंत, सामान जड आहे. ती म्हणाली, “बाबा, मला उचलता येतं.” गाडी सुटेपर्यंत ते तिथेच उभे होते. आता दिवसातून दहा वेळा फोन करतात. ती संध्याकाळी एकदा उचलते, नीट बोलते, ठेवते. तिला त्रास होतो त्याचा. एका दिवसात कुणी मोकळं होत नसतं, हे ती मला सांगते, अठरा वर्षांची! तिने तिच्या खोलीच्या खिडकीचा फोटो पाठवलाय. बाहेर नुसता पाऊस आणि समोरची भिंत आहे. खाली लिहिलंय, ‘माझी खोली.’

मला आनंद झाला, खोटं नाही बोलत. पण ताई, तो बोटीवरचा फोटो अजून ग्रुपवर आहे, त्यात तू अजून तशीच हसतेयस, आणि तुला तिथून काही केल्या बाहेर काढता येत नाहीये. कुणाला समजावू? किती जणांना? त्या बदामांच्या रांगेखाली मी आता काही लिहिलं तर तुझंच दुःख चव्हाट्यावर येणार. म्हणून इथे लिहितेय, तुलाच.

दाराशी आवाज येतोय, आई आली बहुतेक. यावेळी मात्र मी कागद लपवणार नाही.

नाताळच्या सुट्टीत इरा पनवेलला येतेय. तुला वचन देते ताई: ती आली की तिला परतीचं तिकीट कधीचं आहे, हे या घरात कुणी विचारणार नाही. मी नाही, आई नाही. आणि तिच्या बाबांनी दारात उभं राहून विचारलं, तर दार मी उघडेन आणि उत्तर इरा देईल. तिला हवा तेवढा वेळ घेऊन.

तुझी,
सोनू